आयर्न ऑक्साइडच्या सच्छिद्र अ‍ॅनोडसाठी पृष्ठफळ आणखी कसे वाढवावे?

रावपुरा_रसायन

सर्वांना नमस्कार. मी वडोदऱ्यात रसायनशास्त्रात संशोधन करते आणि गेले सात महिने लिथियम-आयन बॅटरीच्या अ‍ॅनोडसाठी (ऋण इलेक्ट्रोडसाठी) सच्छिद्र आयर्न ऑक्साइड तयार करण्याच्या मागे आहे. घरी मराठी, बाजारात गुजराती आणि प्रयोगशाळेत इंग्रजी अशी आम्हा इकडच्या मराठी मंडळींची रोजची व्यवस्था असल्याने काही शब्द इंग्रजीच राहतील, ते चालवून घ्यावेत.

माझी कृती अशी आहे. फेरस सल्फेटच्या कोमट द्रावणात ऑक्झॅलिक आम्लाचे द्रावण थेंबाथेंबाने सोडते, म्हणजे पिवळाधमक फेरस ऑक्झॅलेट तळाशी बसतो. धुवणाच्या पाण्यात बेरियम क्लोराइडचा थेंब टाकल्यावर गढूळपणा येईनासा होईपर्यंत तो धुते, ८० अंश सेल्सिअसला वाळवते आणि चिनी मातीच्या मुशीत भरून बॉक्स फर्नेसमध्ये हवेतच ५०० अंशांवर तीन तास ठेवते. तापमान मिनिटाला १० अंशांनी चढते. विटकरी रंगाची पावडर मिळते. तिचे बीईटी पृष्ठफळ (नायट्रोजन शोषून घेण्यावरून काढलेले एकूण पृष्ठफळ) ग्रॅमला २१ चौरस मीटर आले आणि छिद्रांचा व्यास ३.८ नॅनोमीटर असे यंत्राने दाखवले.

ही पावडर, कार्बन ब्लॅक आणि पीव्हीडीएफ बाइंडर (कणांना धरून ठेवणारे पॉलिमर) ७०:२०:१० या प्रमाणात खलून तांब्याच्या फॉइलवर लेप दिला आणि समोर लिथियमची चकती ठेवून सीआर २०३२ आकाराचे, नाण्यासारखे सेल बांधले. पहिल्या डिस्चार्जला (लिथियम ऑक्साइडमध्ये शिरताना) ग्रॅमला १३९० मिलिअँपिअर-तास मिळाले, परतीच्या चार्जला (लिथियम बाहेर पडताना) ९१० आणि चाळिसाव्या फेरीपर्यंत ते ३०० वर उतरले. नेहमीच्या अ‍ॅनोडमधील ग्रॅफाइटची सैद्धांतिक क्षमताच ३७२ आहे, त्यामुळे एवढा खटाटोप करून त्याच्याही खाली येणे मनाला फार लागले आहे.

पृष्ठफळ वाढवले तर हे सुधारेल असे मला वाटते. त्यासाठी एसबीए-१५ या सिलिकाच्या साच्यात ऑक्साइड भरून मग साचा हायड्रोफ्लुओरिक आम्लात विरघळवावा, असा सल्ला एका सहकाऱ्याने दिला आहे. हा मार्ग योग्य आहे का? आणि दुसरे असे की, फेरिक ऑक्साइडची सैद्धांतिक क्षमता १००७ असताना पहिल्या डिस्चार्जला १३९० कसे मिळाले?

दांडियाबाजार_निवृत्त_अध्यापक

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याच्या उत्तरात पहिल्याचेही बरेचसे उत्तर आहे.

१००७ हा आकडा कुठून येतो ते एकदा स्वतःच्या हाताने मांडून पाहावे. फेरिक ऑक्साइडच्या एका मोलचे वजन १५९.७ ग्रॅम असते आणि त्यातील लोहाचे दोन्ही अणू पूर्ण धातुरूप होण्यासाठी सहा इलेक्ट्रॉन लागतात. ९६,४८५ कूलोमांची सहापट करून ३.६ ने भागले की मिलिअँपिअर-तास मिळतात, त्यांना वजनाने भागले की १००७. म्हणजे या गणितात लिथियम ग्रॅफाइटसारखा थरांच्या मधे जाऊन बसत नाही, तर ऑक्साइडमधला ऑक्सिजन आपल्याकडे ओढून लिथियम ऑक्साइड होतो आणि मागे लोहाचे अतिसूक्ष्म कण उरतात. ही क्रिया उलटही फिरवता येते आणि त्यातून ग्रॅमला सातशेपर्यंत मिलिअँपिअर-तास मिळू शकतात, हे फ्रान्समधील तारास्कों यांच्या गटाने कोबाल्ट, निकेल, लोह यांच्या ऑक्साइडांवर काम करून २००० साली प्रसिद्ध केले. सच्छिद्र ऑक्साइडांवरील आजचे बरेचसे काम त्याच धाग्यावर चालले आहे.

आता १००७ च्या वरचे जे ३८३ आहेत, ते तुमच्या ऑक्साइडने साठवलेलेच नाहीत. व्होल्टेज एका व्होल्टच्या खाली उतरले की इलेक्ट्रोलाइटमधील कार्बोनेट विद्रावके ऑक्साइडच्या पृष्ठभागावर विघटित होतात आणि तिथे एक साय धरते. ती साय धरताना लिथियम खर्च होतो आणि त्यातला बहुतेक परत येत नाही. थोडा वाटा कार्बन ब्लॅकचाही असतो. ही साय पृष्ठभागावर धरते, म्हणून पृष्ठभाग जितका जास्त तितका पहिल्या फेरीतला हा तोटा जास्त. पृष्ठफळ २१ वरून २०० वर नेलेत तर पहिल्या डिस्चार्जचा आकडा आणखी फुगेल आणि परतीचा आकडा जवळपास तिथेच राहील. तेव्हा पृष्ठफळ वाढवणे हे ध्येय धरू नका. छिद्रे किती रुंद आहेत, ती बाहेरपर्यंत उघडी आहेत का आणि एकूण पोकळी किती आहे, हे तीन प्रश्न आधी विचारा. दोन नॅनोमीटरपेक्षा अरुंद छिद्रे बीईटीचा आकडा भरमसाट वाढवतात, पण साय धरली की त्यांची तोंडेच बुजतात. तुमच्या कामाची छिद्रे साधारण दहा ते पन्नास नॅनोमीटरांची.

ऑक्झॅलेटचा मार्ग तुम्ही निवडला आहे तो उत्तम आहे, आणि त्यात छिद्रे का पडतात हेही मोजून पाहता येते. फेरस ऑक्झॅलेटची घनता सुमारे २.३, म्हणून त्याच्या एका मोलची, म्हणजे १८० ग्रॅमांची, जागा सुमारे ७९ घनसेंटीमीटर होते. पाणी आणि कार्बनचे वायू निघून गेल्यावर त्यातून ८० ग्रॅम ऑक्साइड उरतो, ज्याची घनता ५.२५ असल्याने त्याला फक्त १५ घनसेंटीमीटर जागा पुरते. कणाचा बाहेरचा आकार टिकून राहिला, तर आतील पाचात चार भाग पोकळ राहायला हवेत. ही पोकळी निसर्गाने तुम्हाला फुकट दिलेली आहे, त्यासाठी कोणताही साचा लागत नाही.

मग ती जाते कुठे? ती भट्टीत जाते. हवेत फेरस ऑक्झॅलेट अडीचशे अंशांच्या आतबाहेर फुटतो आणि त्या वेळी बाहेर पडणारा कार्बन मोनॉक्साइड व ताजे लोह ऑक्साइड दोन्ही ऑक्सिजनशी संयोग पावून उष्णता सोडतात. मूस खोल आणि काठोकाठ भरलेली असेल, तर ही उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही, आणि भट्टीच्या पडद्यावर ३०० दिसत असताना ढिगाच्या पोटात तापमान त्याहून बरेच चढलेले असते. मिनिटाला १० अंशांच्या चढाने हे अधिकच बिघडते. त्यानंतर ५०० अंशांवर तीन तास ठेवल्याने शेजारशेजारचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि उरलेली छिद्रेही मिटतात.

एक साधी चाचणी करा. मूस हलवू नका, वरची पावडर चमच्याने अलगद काढून एका कागदावर ठेवा आणि तळची दुसऱ्या कागदावर. कागदाखालून लोहचुंबक फिरवा. वरची विटकरी पावडर जागची हलणार नाही, पण तळची काळपट तपकिरी पावडर चुंबकामागे सरकू लागली, तर तळापर्यंत हवा पोहोचलेली नाही आणि तिथे हेमटाइटऐवजी (नेहमीच्या विटकरी फेरिक ऑक्साइडऐवजी) मॅग्नेटाइट किंवा मॅगहेमाइट ही चुंबकाला ओढली जाणारी लोह ऑक्साइडे झाली आहेत असे समजा. मग आजवर तुम्ही जे मोजत होता ते एका पदार्थाचे मोजमाप नव्हते, मिश्रणाचे होते.

पसरट, उथळ बशी घ्या. पावडरीचा थर दोन-तीन मिलिमीटरांहून जाड नको. मिनिटाला एका अंशाने ३५० पर्यंत जा आणि दोन तास थांबा. आधी व नंतर वजन करा: ऑक्झॅलेटच्या ४४.४ टक्के ऑक्साइड उरला पाहिजे. जास्त उरला तर विघटन अपुरे राहिले आहे किंवा सल्फेट धुतले गेलेले नाही. आणि एक कळकळीची सूचना: हवा लागू नये म्हणून हा ऑक्झॅलेट आर्गॉनमध्ये तापवण्याचा मोह कधी झालाच, तर नळी थेट हवेत उघडू नका. त्यातून निघणारे बारीक लोह हवेचा स्पर्श होताच पेट घेते.

माझे शिक्षण वडोदऱ्याच्या कलाभवनात झाले. महाराज सयाजीरावांच्या राजवटीत १८९० साली रसायनतज्ज्ञ गज्जरांच्या पुढाकाराने ते सुरू झाले तेव्हा तिथे रंगाईचे रसायनशास्त्र शिकवत असत. रंगाईतही रंग सुताच्या आत शिरला पाहिजे, वरवर बसलेला रंग पहिल्या धुण्यात जातो. तुमच्या छिद्रांकडे याच नजरेने पाहावे असे मला वाटते.

अलकापुरी_इलेक्ट्रोड

सरांनी पावडरीची बाजू इतकी नीट मांडली आहे की मी फक्त पोकळीच्या हिशेबाचा दुसरा अर्धा भाग जोडतो आणि मग लेपाकडे वळतो.

पाचात चार भाग पोकळ असणे खरोखर हवे आहे का? एका मोल फेरिक ऑक्साइडला ३०.५ घनसेंटीमीटर जागा लागते. लिथियम घेतल्यावर त्याचे दोन मोल लोह, म्हणजे १४.२ घनसेंटीमीटर, आणि तीन मोल लिथियम ऑक्साइड, म्हणजे ४४.६ घनसेंटीमीटर, होतात. बेरीज ५८.८. म्हणजे घन भाग जवळजवळ दुप्पट होतो, आणि ही वाढ आतल्या आत सामावून घ्यायला कणाचा साधारण निम्मा भाग पोकळ असला तरी पुरतो. त्याहून जास्त पोकळी ठेवली तर जागा वाया जाते. ८० टक्के पोकळ कणाची घनता एका ग्रॅमच्या आसपास येते, म्हणून त्याच्या दर घनसेंटीमीटरला सुमारे १००० मिलिअँपिअर-तास मिळतील. ग्रॅफाइटची घनता २.२६ धरली तर त्याचे ८४० होतात. वजनावर मोजताना आपण ग्रॅफाइटच्या पावणेतीनपट पुढे असतो, पण जागेवर मोजले की ती आघाडी जेमतेम सव्वापट उरते, आणि मोटारीत किंवा फोनमध्ये जागेलाच जास्त किंमत असते. सच्छिद्र पदार्थांवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

याच कारणाने मी मँगनीज कार्बोनेटचा मार्ग सुचवीन, निदान तुलनेसाठी तरी. मँगनीज सल्फेट आणि अमोनियम बायकार्बोनेट यांच्या द्रावणांत थोडे इथेनॉल घालून मिसळले की कार्बोनेटचे गोल कण खाली बसतात, आणि ते हवेत ६०० अंशांच्या सुमारास तापवले की आकार टिकवून मँगनीज सेस्क्विऑक्साइड होतो. इथे मँगनीजच्या दर मोलमागे कार्बोनेटची जागा ३१ घनसेंटीमीटर आणि ऑक्साइडची १७.५, म्हणजे पोकळी सुमारे ४४ टक्के. फुगण्यासाठी लागणारी पोकळी सुमारे ४१ टक्के. हे दोन आकडे इतके जवळ येणे हा योगायोगच म्हणायचा, पण उपयोगी योगायोग आहे. प्रत्यक्षात कण थोडा आक्रसतो, त्यामुळे हिशेब तंतोतंत उतरणार नाही, तरी दिशा बरोबर आहे.

आता लेप. चाळीस फेऱ्यांत ९१० वरून ३०० वर येण्याचा दोष मी एकट्या पावडरीला देणार नाही. पीव्हीडीएफ ऑक्साइडच्या पृष्ठभागाला घट्ट धरत नाही. कण दर फेरीला फुगतो आणि आक्रसतो, बाइंडर सुटतो, आणि सुटलेला कण तांब्याशी विजेचा संबंध तुटल्याने कायमचा निकामी होतो. सोडियम सीएमसी (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज) हा बाइंडर वापरून पाहा: त्याचे कार्बोक्सिल गट ऑक्साइडवरील हायड्रॉक्सिल गटांशी बांधले जातात, तो पाण्यात विरघळतो आणि पीव्हीडीएफसाठी लागणारे एनएमपीसारखे आरोग्याला घातक विद्रावक हाताळावे लागत नाही. दोन गोष्टींची मात्र तयारी ठेवा. सच्छिद्र पावडर पाणी पिऊन घेते, त्यामुळे लेपाची खळ अचानक घट्ट होते. तेव्हा पाणी एकदम न ओतता थोडे थोडे वाढवत जा, आणि चमचा उचलल्यावर धार न तुटता पडेल इतकी ती सैल ठेवा. दुसरे, खलात बत्त्याने जोर लावून घोटू नका. सात महिने जपलेली छिद्रे अर्ध्या तासाच्या घोटण्याने चुरडली जातात. कार्बन ब्लॅक आणि सीएमसी आधी घोटून घ्या आणि ऑक्साइड सर्वांत शेवटी घालून नुसते ढवळा. लेप वाळल्यावर रोलरमधून काढत असाल तर दाब हलका ठेवा.

आपल्याकडच्या पावसाळ्याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये विश्वामित्री दुथडी भरून वाहत असते तेव्हा आमच्या खोलीतला आर्द्रतामापक ८५ च्या खाली येत नाही, आणि अशा हवेत सच्छिद्र ऑक्साइडचा इलेक्ट्रोड ओव्हनमधून काढून ग्लव्ह बॉक्सपर्यंत (सेल बांधण्याच्या, आर्गॉनने भरलेल्या बंद पेटीपर्यंत) नेईतो पुन्हा पाणी धरतो. ते पाणी इलेक्ट्रोलाइटमधील लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट या क्षाराशी क्रिया करून सेलच्या आतच हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार करते. चकत्या कापून झाल्यावर १२० अंशांवर रात्रभर निर्वातात वाळवा आणि शक्य असेल तर ग्लव्ह बॉक्सच्या अँटीचेंबरमध्येच (वस्तू आत नेण्याच्या कप्प्यातच) तापवण्याची सोय करा. इलेक्ट्रोलाइटमध्ये पाच-दहा टक्के फ्लुओरोइथिलीन कार्बोनेट घातल्याने साय अधिक टिकाऊ होते.

साखर किंवा ग्लुकोजचा कार्बन लेप देण्याचा विचार असेल तर लक्षात घ्या की आर्गॉनमध्ये तो जाळताना कार्बन स्वतःच फेरिक ऑक्साइडचे मॅग्नेटाइटमध्ये रूपांतर करू शकतो. त्यात वाईट काही नाही, पण मग सैद्धांतिक क्षमता ९२६ धरावी लागते.

रावपुरा_रसायन

सर, चुंबकाची चाचणी त्याच दिवशी केली. तळची पावडर कागदावर चुंबकामागे सरकली. वरची अजिबात नाही. सात महिन्यांत मी एकदाही वरची आणि तळची पावडर वेगळी करून पाहिली नव्हती, सगळी एकत्र खलून टाकत होते.

उथळ बशीत ५ ग्रॅम ऑक्झॅलेट पसरून, मिनिटाला एक अंश चढवत ३५० अंशांवर दोन तास ठेवला. २.२३ ग्रॅम ऑक्साइड मिळाला, हिशेबाने २.२२ यायला हवा होता. सगळी पावडर एकसारखी विटकरी आहे आणि चुंबकाला दाद देत नाही. पृष्ठफळ ७४ आले. माझा गोंधळ एवढाच आहे की छिद्रांचा व्यास यंत्राने पुन्हा ३.८ नॅनोमीटरच दाखवला. भट्टीची पद्धत एवढी बदलूनही छिद्रे तेवढीच कशी राहिली? सीएमसीचा लेप आज दिला आहे, खळ खरोखरच दोनदा घट्ट झाली.

राजवाडा_इंदूर

ताई, ३.८ हा आकडा पाहूनच लिहायला बसलो.

यंत्राचे सॉफ्टवेअर नायट्रोजन शोषणाच्या आलेखावरून, बीजेएच नावाच्या गणिती पद्धतीने छिद्रांचा व्यास काढते आणि अनेक ठिकाणी ते आपणहून डिसॉर्प्शनची, म्हणजे नायट्रोजन बाहेर पडतानाची, रेषा वापरते. द्रव नायट्रोजनच्या तापमानाला सापेक्ष दाब ०.४२ ते ०.४५ च्या दरम्यान आला की छिद्रांत अडकलेला द्रव नायट्रोजन ताण न सोसवून एकदम फुटतो, मग ते छिद्र कितीही रुंद असो. सॉफ्टवेअरला ही अचानक झालेली घट ३.८ नॅनोमीटरची छिद्रे वाटते. कितीतरी वेगवेगळ्या पदार्थांत नेमका हाच आकडा आलेला तुम्हाला दिसेल. तो तुमच्या पावडरीचा गुण नाही, नायट्रोजनचा आहे. अ‍ॅडसॉर्प्शनच्या, म्हणजे नायट्रोजन आत शिरतानाच्या, रेषेवरून छिद्रांच्या आकारांचे वितरण पुन्हा काढा, आणि ते दोन्ही नमुन्यांसाठी काढा. मोजण्याआधी नमुना १२० ते १५० अंशांवर निर्वातात काही तास ठेवला होता ना, तेही पाहा.

साच्याच्या मार्गाबद्दल. हायड्रोफ्लुओरिक आम्ल कातडीवर पडल्याचे कित्येकदा लगेच कळतही नाही आणि ते आत शिरून शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते. कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल हाताशी नसलेल्या प्रयोगशाळेत त्याची बाटली उघडूच नये. शिवाय तुमच्या बाबतीत त्याचा उपयोगही नाही, कारण ते आयर्न ऑक्साइडलाही सोडत नाही. सिलिकाचा साचा काढायचाच असेल तर कोमट, दोन मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने तो विरघळतो आणि आयर्न ऑक्साइड टिकून राहतो. पण ऑक्झॅलेटमधून पोकळी आपोआप मिळत असताना साच्याची गरजच मला दिसत नाही. सुंदर, एकसारख्या नळ्यांची चित्रे मिळतील एवढेच.

आमच्या इंदूरला राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ हे अडीच गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे सिंक्रोट्रॉन (तीव्र क्ष-किरण देणारे इलेक्ट्रॉन त्वरक) आहे आणि तिथल्या क्ष-किरण शोषणाच्या बीमलाइनवर लोहाची ऑक्सिडेशन अवस्था पाहता येते. काही फेऱ्या झालेले इलेक्ट्रोड ग्लव्ह बॉक्समध्ये सोडवून, हवा लागू न देता बंद करून आणले, तर चार्जनंतर लोह खरोखर तीनच्या अवस्थेत परत जाते की दोनच्या आसपास अडकते हे कळेल. माझ्या मते तुमच्या पुढील कामातला सर्वांत मोलाचा प्रश्न हा आहे. चार्ज आणि डिस्चार्ज यांच्या व्होल्टेजमध्ये जवळजवळ एका व्होल्टची जी दरी तुमच्या आलेखात दिसत असेल, ती छिद्रांनी भरून निघत नाही. घातलेल्या ऊर्जेचा मोठा हिस्सा दर फेरीला उष्णता होऊन जातो, आणि पहिल्या फेरीत हरवणारा लिथियम पूर्ण सेलमध्ये कॅथोडकडून घ्यावा लागतो. तुमच्यासारख्या अर्ध्या सेलमध्ये समोर लिथियमच्या चकतीचा अमर्याद साठा असल्याने ही उणीव झाकली जाते. म्हणून तुमच्या लेखात पहिल्या फेरीची टक्केवारी ठळकपणे द्या. आजच्या आकड्यांनी ती ६५ येते.

रावपुरा_रसायन

अ‍ॅडसॉर्प्शनच्या रेषेवरून दोन्ही वितरणे काढली. ३५० अंशांच्या नमुन्यात ३.८ चे टोक पूर्ण नाहीसे झाले आणि ८ ते १८ नॅनोमीटरांच्या दरम्यान एक रुंद उंचवटा आला, ज्याचा माथा ११ वर आहे. जुन्या ५०० अंशांच्या नमुन्यात हा उंचवटा ३० च्या आसपास आहे आणि त्याखालचे एकूण आकारमान निम्म्याहून कमी भरते. म्हणजे भट्टीत लहान छिद्रे मिटून थोडी मोठी छिद्रे उरत होती आणि एकच ३.८ चा आकडा दोन्ही नमुन्यांवर पांघरूण घालत होता.